दोघंही नोकरीला, घरी सासूबाई आणि शाळकरी मुलगी: पहिला पोपट कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तुम्ही दोघं सकाळी नऊला बाहेर पडता ते सातला परत येता, घरी सासूबाई असतात आणि त्यांना दमा आहे. नऊ वर्षांच्या मुलीला बोलणारा पोपट हवाय, पक्षी आधी कधी पाळलेला नाही आणि सासरे म्हणतात, बाजारातून हिरवा राघू आणा, सगळ्यात सोपं.

मी बरीच वर्षं पक्षी पाळतोय, त्यावरून सरळ सांगतो: तुमच्या घराला बजरीगरची, म्हणजे छोट्या परदेशी पोपटांची, जोडी बसेल. बाकीचं का नको, ते वाचा.

आधी राघूचं. सासऱ्यांच्या लहानपणी घरोघरी पिंजऱ्यात राघू असायचा, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटत नसणार. पण आपला कंठवाला पोपट काय, पहाडी काय, हे सगळे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. विकणं गुन्हा, पाळणंही गुन्हा. तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला, तरी बाजारातली ती पिल्लं ढोलीतून काढून आणलेली असतात आणि त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. मुलीच्या पहिल्या पक्ष्याची सुरुवात तिथून होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणजे उरले परदेशी जातीचे, पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. दुकानदार तुम्हाला बहुधा कॉकाटील सुचवेल आणि एरवी मीही तेच सुचवलं असतं. शांत, माणसाळू, शीळ घालणारा पक्षी, पंधरा-वीस वर्षं जगतो. पण कॉकाटीलच्या अंगावरून पांढरी भुकटी सतत गळते. पिंजऱ्याजवळच्या टीव्हीवर दोन दिवसांत बोट फिरवलं तर रेघ उमटते. काकाटुआ आणि आफ्रिकन ग्रे यांचंही तेच. दम्याचं माणूस दिवसभर त्याच घरात असताना हा पक्षी नको.

बजरीगरची धूळ बरीच कमी असते, पण नसतेच असं नाही. म्हणून पक्षी आणण्याआधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर कुठलाच पक्षी आणू नका. हो म्हटलं तर पिंजरा हॉलमध्ये ठेवा, त्यांच्या खोलीत नाही. साफसफाई त्यांच्याकडे देऊ नका आणि झाडूने धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा.

सन कोन्युअर दिसायला अप्रतिम असतो, पण त्याचा आवाज शेजारच्या विंगपर्यंत जातो. आफ्रिकन ग्रे बोलण्यात सगळ्यांच्या पुढे, पण तो चाळीस-पन्नास वर्षं जगू शकतो आणि दिवसभर एकटा ठेवला तर स्वतःची पिसं उपटायला लागतो. शिवाय 2017 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर फार कडक निर्बंध आहेत, आणि असे निर्बंध असलेले पक्षी पाळायचे तर केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पहिल्यांदा पाळणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. बजरीगरला ही नोंदणी लागत नाही.

आता बजरीगर. आपल्याकडे दुकानात यांनाच ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि चांगलेच चावरे. तुम्हाला हवेत ते लांब शेपटीचे, मानेवर बारीक पट्टे असलेले. शक्यतो दोन्ही नर घ्या. ते सहसा भांडत नाहीत, अंड्यांचा प्रश्न येत नाही आणि बोललेच तर बहुधा नरच बोलतात. मोठ्या नराच्या चोचीवरचा, नाकपुड्यांचा भाग बहुतेक रंगांत निळा असतो, मादीचा तपकिरी किंवा फिकट पांढुरका. पिल्लं ओळखायची खूण म्हणजे कपाळावरचे पट्टे थेट चोचीपर्यंत आलेले असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो, भोवती पांढरी कडी नसते. असंच पिल्लू घ्या, ते लवकर हाताळू देतं.

दुकानात गेल्यावर लगेच पिंजऱ्यात बोट घालू नका. जरा लांब उभं राहून बघा. अंग फुगवून तळाशी बसलेला, श्वासाबरोबर शेपटी वरखाली करणारा किंवा शेपटीखालची पिसं चिकटलेला पक्षी घेऊ नका. दुकानदार ‘झोपलाय’ म्हणेल. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे दिसायला लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. आणि दुकानदार घरट्यासाठी फुकट मडकं देईल, ते घरी आणूच नका. मडकं दिसलं की मादी अंड्यावर येते, आणि नरांनाही त्याची काही गरज नसते.

बोलण्याबद्दल मुलीला आधीच नीट सांगा. जोडीतले पक्षी एकमेकांशीच जास्त बोलतात. एकटा ठेवलेला नर जास्त शब्द शिकतो हे खरं, पण तुमच्या घरात तो रोज आठ-दहा तास एकटा पडेल. सासूबाई घरी असल्या तरी त्यांनी त्याच्याजवळ बसावं ही अपेक्षा चुकीची आहे. म्हणून जोडीच. दोन-चार शब्द आले तर आनंद, नाही आले तरी हातावर येऊन राळ्याचं कणीस खाणारा पक्षी मुलीला पुरेसा आवडेल. पहिले काही दिवस तिने पिंजऱ्याशेजारी बसून नुसता अभ्यास करायचा. मग जाळीतून कणीस धरायचं, मग दार उघडून तळहातावर. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

पिंजरा उंच नको, आडवा हवा, कारण हे आडवे उडतात. जोडीला निदान अडीच फूट लांबी आणि गजांमध्ये अर्ध्या इंचापेक्षा कमी फट. गोल पिंजरा नको. आतल्या प्लॅस्टिकच्या दांड्या काढून पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या, औषध न मारलेल्या फांद्या लावा. नुसत्या राळ्यावर ठेवू नका. कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर रोज द्या. सूर्यफुलाच्या बिया क्वचितच. अव्हाकाडो, चॉकलेट, कांदा अजिबात नाही.

सोडायचं ते संध्याकाळी, पंखा बंद करून. आपल्या घरात छताचा पंखा हा पक्ष्याचा मोठा शत्रू. दुसरा धोका स्वयंपाकघरात: नॉनस्टिकचा तवा रिकामा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. तवा लोखंडी वापरा. धूप आणि डासांची कॉइल त्या खोलीत नको. सासूबाईंच्या दम्यालाही ते बरंच. रात्री नऊला पिंजऱ्यावर कापड टाका, त्यांना दहा-बारा तास झोप लागते.

पिंजऱ्याच्या आधी दोन गोष्टी पक्क्या करा. पक्षी तपासणारा डॉक्टर शोधून ठेवा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. आणि मे महिन्यात गावी जाल तेव्हा दाणापाणी कोण बघणार, ते शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून घ्या.