युवे, ऑयवे की अर्वे?

प्रश्न : १९३५ साली अलेखिनला हरवून विश्वविजेते झालेले डच बुद्धिबळपटू मॅक्स युवे यांचं आडनाव मी आजवर चार तऱ्हांनी ऐकलं : युवे, इयुवे, ऑयवे आणि एकदा तर चक्क ‘अर्वे’. यातलं खरं कुठलं? आणि मराठीत ते लिहावं कसं?

उत्तर : खरं यातलं एकही नाही. पण बोलणाऱ्यांना फार दोष देऊ नका. रोमन लिपीत हे नाव ई-यू-डब्ल्यू-ई असं चारच अक्षरांचं, आणि जो तो आपल्या ओळखीच्या भाषेचा नियम त्याला लावून मोकळा होतो. इंग्रजीच्या वळणावर वाढलेला माणूस पहिल्या दोन अक्षरांचा ‘यू’ करतो. जर्मन शिकलेल्याला फ्रॉइड आणि ऑयलर या नावांतली हीच दोन अक्षरं आठवतात, म्हणून तो ‘ऑय’ म्हणतो. ‘अर्वे’ची गंमत निराळी आहे. ‘बर्ड’ म्हणताना लंडनचा माणूस सहसा र उच्चारत नाही, नुसता स्वर लांबवतो. तो लांबवलेला स्वर डच स्वराच्या त्यातल्या त्यात जवळचा, म्हणून इंग्रज तो ई-आर लिहून सुचवतात. आपण पडलो लिहिलेला प्रत्येक र इमानेइतबारे उच्चारणारे. झाला अर्वे!

आता मूळ स्वर. तो मराठीत नाही, पण तोंडाला जमण्यासारखा आहे. लांब ‘ए’ म्हणा आणि तो सोडू नका. जीभ, हनुवटी जिथे आहे तिथेच राहू द्या. फक्त ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे गोल करा. जो आवाज निघेल तो डच ‘ईयू’. बहुतेकांची गडबड इथे होते : ओठ गोल झाले की जीभही त्यांच्यामागे मागे सरकते आणि ‘एओ’ किंवा ‘यो’ बाहेर पडतं. जिभेला बजावून ठेवायचं. जर्मन कवी गटेच्या नावात हाच स्वर आहे, आणि मराठीत तो गटे, ग्योटे, गोएथे असा नाना वेशांत छापला गेला तो याच अडचणीपायी. हॉलंडमधल्या ट्यूलिपच्या प्रसिद्ध बागेचं नाव, जे आपले पर्यटक ‘क्युकेनहॉफ’ म्हणतात, त्यातही तोच.

हा डोंगर चढलात की पुढची वाट उताराची, आणि इथे मराठी माणूस इंग्रजापेक्षा सरस ठरतो. डच ‘डब्ल्यू’ म्हणजे जवळजवळ हुबेहूब आपला ‘व’. वारा, वीट, वजीर यांतला. ‘व्ह’ करायचं कारण नाही. शेवटचा ‘ई’ हा ‘ए’ही नव्हे आणि ‘ई’ही नव्हे, तो साधा ‘अ’ आहे. तुम्ही बोलताना ‘मला हवं’ म्हणता ना? त्या ‘हवं’मधला ‘वं’, अनुस्वाराचा नाकात सूर न लावता, म्हणजे या आडनावाचा उत्तरार्ध. आघात पहिल्या अक्षरावर.

लिहिण्याचा प्रश्न अधिक चिवट. ‘ओव’ लिहिलं तर मराठी वाचक शेवटचा अ गिळून ‘ओव्’ वाचणार. ‘ओवं’ लिहिलं तर उच्चार जवळ येतो, पण ‘ओवंने डाव जिंकला’ हे वाक्य मला तरी छापवणार नाही. रशियन लोक ‘एइवे’ लिहितात. म्हणजे त्यांनी जिभेची बाजू घेतली आणि ओठ सोडून दिले. मी उलट करीन : ‘ओवे’. ओवेने, ओवेचा, ओवेविरुद्ध असे प्रत्यय नीट लागतात आणि ओठांचा गोलपणाही टिकतो. ध्वनिशास्त्राचे जाणकार यावरून माझ्याशी भांडतील. भांडोत. ‘युवे’ मात्र आता रजेवर जावो.

आणि आडनावासाठी एवढा जीव काढताना आपण पहिल्या नावाला खुशाल ‘मॅक्स’ म्हणतो! डच तोंडी ते ‘माक्स’ आहे, तोही आखूड ‘मा’. तेही लघुरूपच, कागदोपत्री नाव माखगीलिस, ज्यात ‘ख’ आणि ‘ग’ दोन्ही घशात घासून काढायचे. आम्सटरडॅमच्या या गृहस्थाने गणितात डॉक्टरेट घेतली होती, मुलींच्या शाळेत ते गणित शिकवत. बुद्धिबळावर पोट न भरणाऱ्या या शिक्षकाने ३० डावांच्या सामन्यात अलेखिनला १५½–१४½ असं हरवलं. दोन वर्षांनी अलेखिनने किताब परत घेतला ते सोडा. १९७० ते १९७८ ते जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्षही होते. १९७२चा फिशर-स्पास्की हा विश्वविजेतेपदाचा सामना त्यांच्याच कारकिर्दीतला. इतकी वर्षं इतक्या देशांच्या माणसांकडून आपलं नाव तऱ्हेतऱ्हेने ऐकताना त्यांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

प्रश्न : आनंद पाच वेळा जिंकला ती जानेवारीतली डच स्पर्धा ‘विज्क आन झी’ला होते की ‘वाईक’ला?

उत्तर : ‘वेइक आन झे’. डचमध्ये आय आणि जे ही जोडगोळी ‘एइ’ होते, दोन ई शेजारी आले की लांब ‘ए’. शेवटचा ‘झ’ मात्र ‘जाळी’तल्या ज सारखा हलका काढा. १९६८पूर्वी ही स्पर्धा शेजारच्या बेव्हरवेइकला भरत असे, तिथेही तेच ‘वेइक’. एकटा जे आला की ‘य’ : डच बुद्धिबळपटू तिम्मान यांचं पहिलं नाव ‘यान’. जॅन नव्हे, जान तर नव्हेच.