मातीत जाणारे बाक : वाचकांच्या शंकांना उत्तरे

अंगणातल्या बांबूच्या ज्या बाकांच्या पोकळ पेरांत एकांड्या मधमाश्या घरे करतात आणि जे अखेर मातीत मिसळून जातात, त्यांविषयी बहुतेक पत्रांत त्याच त्या शंका पुन्हा पुन्हा येत असल्याने उत्तरे एकत्र देत आहे.

असा बाक किती वर्षे टिकतो? (आर्वी)
प्रक्रिया न केलेला बांबू मातीला टेकला असेल, तर दोन-तीन वर्षांपेक्षा जास्त टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

बांबूतून पिवळसर पीठ गळते. (आरमोरी)
बांबूतले पिष्ट खाणाऱ्या भुंगेऱ्यांचे ते काम आहे. बांबू कोवळा तोडला गेला असावा. पुढच्या वेळी किमान तीन वर्षे वयाचा, हिवाळ्यात तोडलेला आणि दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवलेला घ्यावा. पारख अनुभवी बुरड कारागिराकडून करून घ्यावी.

उधईसाठी (वाळवीसाठी) गावात सगळेच जळके ऑइल लावतात. आम्हीही लावावे का? (मोर्शी)
मुळीच लावू नये. 'सगळेच लावतात' हा पुरावा नव्हे. इंजिनातून काढलेल्या तेलात झिजलेल्या धातूंचे कण आणि कर्करोगकारक घटक असतात. पावसाबरोबर ते बाकाखालच्या, म्हणजे तुमच्या वांगी-मिरचीच्या, मातीत उतरतात. एका परसात मी असा बाक उकलून पाहिला होता. पेरात पानांच्या गोल तुकड्यांची, विडीसारखी गुंडाळलेली नळी होती, तिच्या प्रत्येक कप्प्यात परागाचा गोळा आणि त्यावर एक अंडे. मात्र पेराचे तोंड काळ्या तेलाने बंद झाले होते. पाने कापणारी ही मधमाशी तुरीच्या फुलांवर काम करते, आणि तिला घर देण्यासाठी केलेल्या बाकालाच आपण विष फासतो, याचे मला फार वाईट वाटते. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचाही येथे उपयोग करू नये. बोरॅक्स-बोरिक ॲसिडचे द्रावण पावसात धुऊन जाते, म्हणून ते छपराखालच्या बांबूपुरतेच ठीक. बाकाचे पाय फरशीच्या तुकड्यांवर ठेवावेत, पायांवर चढलेल्या उधईच्या मातीच्या नळ्या दर आठवड्याला मोडाव्यात, आणि उधई घराच्या लाकडापर्यंत पोचली असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारल्याशिवाय कोणतेही औषध ओतू नये.

दुकानदार 'बायोडिग्रेडेबल प्लास्टिक'ची खुर्ची दाखवतो. (हिंगणघाट)
असले पीएलए (वनस्पतींतल्या साखर-पिष्टापासून केलेले) प्लास्टिक कुजायला सुमारे 60 अंश सेल्सिअसची टिकून राहणारी उष्णता लागते, जी घरच्या उकिरड्यात मिळत नाही. प्रमाणपत्र लेखी मागावे. नुसत्या शब्दावर पैसे देऊ नयेत.

बाकावर सात्यांसारख्या (पावसाळ्यात उगवणाऱ्या, खाण्याच्या रानअळिंब्यांसारख्या) छत्र्या उगवल्या आहेत. खाव्यात का? (सिंदेवाही)
नाही. कोणी खाल्ल्या असतील, तर उलट्यांची वाट न पाहता उरलेला तुकडा सोबत घेऊन लगेच ग्रामीण रुग्णालय गाठावे.