निकाल फिरला की कायदा बदलला?

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवूनही अमेरिकेतील व्हीलिंगचा पूल पाडला गेला नाही, असे वाचनात आले. मग कायदेमंडळाने न्यायालयाचा निकाल फिरवला, असे म्हणायचे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तसे म्हणणे पुरते बरोबर ठरणार नाही. ओहायो नदीवरील हा १,०१० फूट लांबीचा झुलता पूल चार्ल्स एलेट यांनी १८४९ साली पुरा केला. भट्टीला हवेची ओढ चांगली मिळावी म्हणून पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गच्या आगबोटींना उंच धुरांडी असत आणि नदीला पाणी चढले की ती पुलाला अडत. बिजागरी बसवून धुरांडे आडवे पाडता येई. मात्र त्यात वेळ व पैसा जाई आणि जोखीमही होती. नदीवरची रहदारी अडल्यास सरकारी खर्चाने बांधलेल्या आपल्या कालव्यांचे व लोहमार्गाचे उत्पन्न बुडेल, असे सांगत पेनसिल्व्हेनिया राज्याने थेट सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. (पिट्सबर्ग आणि व्हीलिंग यांच्यातील व्यापारी चुरस या दाव्याच्या मुळाशी होती, हे उघड आहे.)

१८५२ मध्ये न्यायमूर्ती मॅक्लीन यांनी बहुमताचा निकाल दिला : पूल नीचांकी पाण्यापासून १११ फूट उंच करा, नाहीतर काढून टाका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या कायदेमंडळाने) कायदा करून पूल आहे त्या उंचीवर वैध ठरवला, त्याला टपालमार्गाचा दर्जा दिला आणि धुरांडी पुलाच्या आड येऊ न देण्याची जबाबदारी बोटवाल्यांवरच टाकली! मे १८५४ मध्ये वादळाने पूल कोसळला, तेव्हा न्यायमूर्ती ग्रीअर यांनी तो पुन्हा बांधण्यास मनाई केली. पुलाच्या मालक कंपनीने ती जुमानली नाही.

१८५६ मध्ये न्यायालयाने काँग्रेसचा कायदा मान्य केला. नदीतून निर्वेध जाण्याचा हक्क सार्वजनिक असून त्याचे नियमन काँग्रेसकडे आहे. त्यामुळे पूल आधीच्या कायद्यानुसार अडथळा असला, तरी कायदा बदलल्यावर तो हटवण्याच्या हुकमाला आधार उरत नाही, असे न्यायमूर्ती नेल्सन यांनी बहुमतातर्फे लिहिले. मात्र दाव्याचा खर्च पेनसिल्व्हेनियाला देण्याचा आधीचा आदेश त्यांनी कायम ठेवला, कारण तो हक्क निकालानेच राज्याच्या पदरात पडला होता आणि काँग्रेसला तो काढून घेता येत नव्हता.