गादी मामांना मिळाली, म्हणून वाडाही त्यांचाच का?

प्रश्न : माझे आजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका लहान संस्थानचे अधिपती होते. १९६३ साली ते मृत्युपत्र न करता वारले. थोरले मामा गादीवर बसले, दिल्लीहून मान्यतेचं पत्रही आलं. आता मामेभाऊ वाडा हॉटेलवाल्यांना विकायला निघालाय. राजघराण्यात सगळं थोरल्याचं, हाच आपला धर्म आणि कुळाचार, तेव्हा आत्याने हक्कसोड पत्रावर सही करावी, असं तो म्हणतो. आईचा काहीच हक्क नाही का?

उत्तर : ताई, हक्क आहे. आईंची सही तेवढी आधी थांबवा.

मामेभावाने धर्म आणि कुळाचार एका दावणीला बांधलेत, गोम तिथेच आहे. मिताक्षरेप्रमाणे, म्हणजे हिंदू वारसा-वाटणीच्या आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथाप्रमाणे, वडिलोपार्जित मिळकतीत सगळ्याच मुलग्यांचा जन्मतः हक्क. राज्याचे तुकडे पडू नयेत म्हणून ते थोरल्याकडे, ही राजघराण्यांची रूढी, म्हणजे शास्त्राला अपवाद. १८४८ साली गव्हर्नर जनरल डलहौसीने सातारा खालसा केला, तेव्हा साताऱ्याचे त्या वेळचे छत्रपती शहाजीराजे यांनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक खासगी मिळकतीचा वारस म्हणून त्याला चालत होता. राज्याला मात्र कंपनीची मंजुरी हवी, असा त्याचा पवित्रा होता. हेतू राज्य गिळण्याचा होता, हे उघड आहे. पण राज्य वेगळं आणि खासगी मिळकत वेगळी, हा भेद आपली न्यायालयंही मानतात, आणि तो आता तुमच्या कामाचा आहे.

मामांच्या पत्राला फार घाबरू नका. राष्ट्रपतींच्या मान्यतेने खासगी मिळकतीवर हक्क मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने धोलपूरच्या गादीच्या वादात १९६९ सालीच सांगितलंय. १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने ती मान्यता आणि तनखा दोन्ही गेलं. रामपूरच्या नवाबांच्या मिळकतीबाबतही २०१९ साली तेच झालं : थोरल्या मुलाला गादी मिळाली होती, पण खासगी मिळकत मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांत वाटायची ठरली.

खरी मेख हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. संस्थानिकाने भारत सरकारशी केलेल्या करारानुसार किंवा १९५६ पूर्वीच्या एखाद्या कायद्यानुसार एकाच वारसाकडे जाणारी मिळकत या कायद्यातून वगळलीय. नुसती रूढी त्यात बसत नाही. मामेभावाचा वकील विलीनीकरणाचा करार पुढे करील. (दख्खनमधली बहुतेक संस्थानं ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली.) त्या करारांत हमी असते ती गादी, मानमरातब आणि किताबांच्या वारशाची. तुमच्या करारात मिळकतीबद्दल वेगळं काही आहे का, ते शब्दन्‌शब्द वाचायला हवं. त्याची प्रमाणित नक्कल आणि खासगी मिळकतीची यादी मिळवा. सोबत वाड्याची मिळकत पत्रिका, जमिनींचे सातबारा आणि १९६३ नंतरचे फेरफार. देवस्थानच्या जमिनी मात्र वाटणीत धरू नका.

मिळकत आजोबांची स्वतंत्र ठरली, तर आजी, मुलगे आणि मुली यांचे समान हिस्से. एकत्र कुटुंबाची ठरली तर गणित बदलेल, पण आईंचा हिस्सा शून्यावर येणार नाही.

‘इतकी वर्षं गप्प का बसलात?’ असं विचारतील. घरातले पुरुष वारस राहत्या घराची वाटणी करत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नव्हती; याच उत्तराधिकार कायद्याचं ते कलम २३ गेलं २००५ साली. शिवाय आईंचा हक्क स्पष्टपणे कधी नाकारला गेला, यावर बारा वर्षांच्या मुदतीचा वाद फिरेल. त्यामुळे मामेभावाची पत्रं आणि मेसेज पुसू नका.

दिवाणी न्यायालयात आईंच्या नावाने वाटपाचा दावा लावा, विक्रीवर तात्पुरता मनाई हुकूम मागा आणि दाव्याची लिस पेंडन्स नोटीस (म्हणजे या मिळकतीवर दावा चालू आहे, अशी जाहीर सूचना) दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. महाराष्ट्रात ही नोंद लागते. नसेल तर हॉटेलवाला ‘मला माहीतच नव्हतं’ म्हणून मोकळा होईल. आईंना यायला जमत नसेल तर तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घ्या.