बोला, पण लिहिलेलं उडवू नका (जरा लांबलंय, सांभाळून घ्या)

मालक, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एप्रिलच्या उन्हात आपल्या सोलापुरात अशोक चौकाकडच्या गल्ल्यांतून घरोघर चिठ्ठ्या वाटल्यात. देशाचा कारभार ज्यांच्या हाती द्या म्हणून सांगत फिरलात, त्यांनी यंत्रमागवाल्यांना भर सभेत शब्द दिला होता. ते दिल्लीत बसून आठ महिने झाले, शब्दाचं नाव नाही. तुम्ही सोसायटीच्या ग्रुपवर दोन ओळी नाराजी लिहिली, तर काका म्हणाले, "आत्ता तर निवडून आलेत, वेळ द्या की," आणि मित्रानं विचारलं, "किती मिळाले बे तिकडून?" आता पाच वर्षं गप्प बसावं की बोलावं, असा तुमचा प्रश्न.

माझं अगदी हेच झालं होतं. पुढारी कोण, पक्ष कोणता, साल कुठलं, मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की खालची सगळी चर्चा तिकडंच पळणार.

शिव्या नकोत, फॉरवर्डमधून आलेले आकडे नकोत, हे तुम्हाला कळतं. ते सोडून देतो. आणि मी वकील नाही. एका अनुदानित संस्थेत कारकून होतो, आता सुटलो.

माझी घोडचूक सांगतो. रात्री जेवण झाल्यावर फेसबुकवर लिहिलं. पहिल्या दोन ओळी अशा होत्या: "मी यांनाच मत दिलं. घरातली पाचही मतं दिली, त्याचा पश्चात्ताप नाही." मग नवा परिच्छेद, "तरीही विचारतो," आणि पुढं माझे मुद्दे. सकाळपासून फोन सुरू. मेव्हण्याचा, जुन्या कार्यकर्त्याचा, एक तर ओळखही नसलेल्याचा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डबा तसाच उघडा ठेवून, पोस्ट उडवली. वाटलं, मिटलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. टेबलावर माझ्या पोस्टचा छापलेला स्क्रीनशॉट. काळा-पांढरा, कडेला चहाच्या कपाचा गोल डाग. आणि कागद सुरू होत होता "तरीही" या शब्दापासून. वरच्या दोन ओळी कुणीतरी कापलेल्या. "तरीही"पासून लिहायला कोण सुरुवात करतं, हे त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. मी म्हटलं, साहेब, याच्या वर दोन ओळी आहेत. ते म्हणाले, "दाखवा." दाखवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. माझ्या बाजूचा एकमेव पुरावा मीच डबा खाता खाता पुसला होता.

उडवलेली पोस्ट तुमच्यापुरती उडते. ज्यांना ती वापरायची असते त्यांनी ती पहिल्या दहा मिनिटांत घेतलेली असते, त्यांना हवी तेवढीच.

मग कारणे दाखवा नोटीस. "राष्ट्रीय नेतृत्वाविषयी अवमानकारक मजकूर", सात दिवसांत खुलासा द्या. दिला, दोन पानी. आवक-जावकवाला रोजचा चहातला माणूस. त्यानं हातात घेतला, ड्रॉवरमध्ये ठेवला, म्हणाला, "जाऊ दे, मी चढवतो नंतर." मला पोच मागायची लाज वाटली. दोन महिन्यांनी पत्र आलं की खुलासा मुदतीत प्राप्त नाही. वार्षिक वेतनवाढ रोखली. विचारायला गेलो की एकच उत्तर, "वरून विचारणा आहे." वरून म्हणजे कुठून? साहेब पंख्याकडं बघायचे. शेवटी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून वरच्या कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाकला, की वरून आलेल्या पत्राची प्रत द्या. तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर उत्तर मिळालं, असा पत्रव्यवहार अभिलेखावर नाही. म्हणजे वरून कुणी काही विचारलंच नव्हतं. खालच्या खाली, कुणाला तरी खूश करायला चाललं होतं. वेतनवाढ पुढं मिळाली, पण अकरा महिने घरात ज्या नजरा झेलल्या त्याचा फरक कुणी देत नाही.

सगळ्यात राग कशाचा आला सांगू? त्याच कार्यालयातले लोक १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्याला हार घालायला रांगेत उभे असतात. १९३० साली या गावानं मार्शल लॉ सोसला, पुढच्या वर्षी येरवड्यात चौघं फासावर गेले. त्यांना हार घालून आल्यावर मला सांगतात, "कशाला बोलायचं, आपलं भलं आपण बघावं." असो. विषय भरकटला.

"वेळ द्या" याबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. आपल्याकडं ज्वारी पेरली की शेतकरी आठ-दहा दिवसांत रानात जाऊन उगवण बघतो. कणीस अजून आलं नाही म्हणून तो तक्रार करत नाही. मोड आला का, एवढंच बघतो. तसं आठ महिन्यांत सगळं झालं पाहिजे असं म्हणू नका, पण सुरुवात तरी दिसते का हे विचारायला पाच वर्षं थांबायची गरज नाही. खासदाराला मुदतीआधी परत बोलवायची सोय आपल्या कायद्यात नाही. मग मधल्या काळात मतदाराकडं तोंड आणि कागद सोडून आहे काय?

"किती मिळाले" म्हणणाऱ्याला उत्तर देऊ नका. ज्यानं प्रचार केला त्याचीच नाराजी लोकांना टोचते, कारण विरोधक म्हणून ती झटकता येत नाही. म्हणून "मी यांनाच मत दिलं" ही ओळ पहिल्या नव्हे, मधल्या वाक्यात घाला, म्हणजे वरून कापली तरी राहते. हे माझं अनुभवातलं शास्त्र!

कायद्याची भीती कुणी घातली तर एवढं लक्षात ठेवा. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकला म्हणून शिक्षा करणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ लाच रद्द केलं. २०१२ मध्ये बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, त्यावरूनच ते प्रकरण उभं राहिलं. तरी अजून ६६अ चं नाव घेऊन दम देणारे भेटतात. सरकारवर कडक टीका करणं हा आपोआप राजद्रोह होत नाही, हे तर कोर्टानं १९६२ सालीच सांगितलंय. पण घरात कुणी राज्य सरकारी नोकरीत असेल तर त्यांच्या फोनवरून काही टाकू नका. त्यांना १९७९ चे वर्तणूक नियम लागतात, त्यात सरकारच्या धोरणावर जाहीर टीकेला मनाई आहे. तुमचं स्वतःचं टॉवेलचं युनिट आहे, तुम्हाला हे झेंगट नाही. तरी प्रकरण वाढलंच तर वकील गाठा, माझ्यावर विसंबू नका.

आणि ग्रुपवरच्या दोन ओळींनी काही हलत नाही, हेही खरं. आपण बटण दाबतो खासदाराचं, डोळ्यापुढं चेहरा असतो दिल्लीचा. त्यामुळं राग दिल्लीवर काढतो आणि खासदार निवांत. लोकसभेच्या संकेतस्थळावर कुठल्या सदस्यानं कोणते प्रश्न विचारले ते दिसतं. आपल्याकडच्यांनी यंत्रमागावर एक तरी विचारलाय का, शोधा. नसेल तर त्यांना पत्र द्या: सुताचा भाव तेव्हा काय होता, आता काय, तुमचे किती माग बंद, तुमच्या वहीतले आकडे. हातानं दिलंत तर तारखेसह शिक्का घ्या, समोर सख्खा भाऊ बसला असला तरी. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही टाका, नोंदणी क्रमांक मिळतो. उत्तर बहुधा गुळमुळीत येईल, पण ते लेखी असेल.

काकांशी ग्रुपवर वाद घालू नका. घरी जा, भाकरी-चटणी खाताना बोला. माझ्या मेव्हण्याशी मी ग्रुपवर भांडलो, तीन वर्षं सिद्धेश्वरच्या गड्डा यात्रेला एकत्र गेलो नाही.

तुमच्या या पोस्टचा स्क्रीनशॉट मी घेऊन ठेवलाय. उद्या घाबरून उडवलीत तर सांगा, माझ्याकडं पूर्ण आहे, वरच्या ओळींसकट.