बुटीबोरीत नोकरी, पहिले बाळ: रजा आणि पैसे यांचा हिशेब

आपण विचारले आहे की, पत्नी बुटीबोरीतील कारखान्यात चौदा महिन्यांपासून 19,000 रुपये पगारावर आहे आणि आपण नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातील खाजगी कंपनीत आहात, तर बाळाच्या वेळी कोणाला काय मिळेल.

प्रथम पत्नीची पगारपावती पाहावी. तिथे राज्य कामगार विम्यापोटी 0.75 टक्के, म्हणजे 143 रुपये कापलेले दिसत असतील, तर मागील दोन सलग अंशदान (विम्याची वर्गणी) कालावधींत (एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च) किमान 70 दिवसांचे अंशदान भरलेले असल्यास 26 आठवड्यांचा पूर्ण सरासरी पगार राज्य कामगार विमा महामंडळाकडून थेट खात्यात जमा होतो. यांपैकी जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आपल्याकडे सातव्यातच माहेरी जाण्याची रीत असल्याने हा हिशेब आधी मांडलेला बरा. मात्र हा लाभ घेतल्यावर पहिल्या बाळासाठीच्या केंद्र सरकारच्या मातृवंदना योजनेचे 5,000 रुपये मिळत नाहीत.

आपली बाजू कमकुवत आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, खाजगी नोकरीत ती कंपनीच्या मर्जीवर असते. म्हणून मनुष्यबळ विभागाला आताच लेखी विचारावे आणि अर्जित रजा साठवावी.

प्रसूतीच्या खर्चापुरते सांगायचे तर, नागपुरातील डागा, मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझेरियनसुद्धा मोफत होते. खाजगी आरोग्य विम्यात प्रसूतीसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, त्यामुळे दिवस राहिल्यावर घेतलेली पॉलिसी या बाळंतपणाला सहसा उपयोगी पडत नाही.