खान्देशात पुरुषाने बायकांचे जुने कपडे कुठून आणि कसे घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुरुष आहात, बायकांचे कपडे घालायला आवडतात, परदेशातले क्रॉसड्रेसर थ्रिफ्ट स्टोअरमधून स्वस्तात खरेदी करताना व्हिडिओत पाहिलेत. तसं जळगाव-धुळ्याकडे कुठे मिळेल, आणि ‘कोणासाठी घेताय’ असं विचारलं तर काय सांगायचं?

तसलं दुकान आपल्याकडे नाही. अमेरिकेत गुडविल, सॅल्व्हेशन आर्मी, इंग्लंडात ऑक्सफॅम अशा संस्था लोकांनी दान केलेले कपडे विकतात. तिथे माल हँगरवर लावलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी घालून बघायची सोयही असते. आपल्याकडे घरातल्या जुन्या साडीची एक तर गोधडी होते, नाहीतर ती कामाला येणाऱ्या मावशींना दिली जाते, नाहीतर बोहारणीकडे जाते आणि बदल्यात स्टीलचं पातेलं येतं. या बोहारणीकडे गेलेला कपडाच तुमच्या कामाचा. बोहारणी गोळा केलेले कपडे निवडतात, धुतात, उसवलेलं शिवतात आणि ते पुन्हा बाजारात येतात. कुठल्याही मोठ्या आठवडे बाजाराच्या कडेला ताडपत्रीवर किंवा जुन्या चादरीवर असे ढीग दिसतील. दिवाळीची साफसफाई उरकली की माल भरपूर असतो, आणि लग्नसराई संपल्यावर एकदोनदाच नेसलेल्या भारी साड्याही येतात.

मी भुसावळचा. बरीच वर्षं साडी-कुर्ते घालतो आणि माझे बहुतेक कपडे असेच घेतलेले आहेत. स्वस्त मिळतात हे खरंच, पण त्याहून मोठा फायदा असा की आपल्याला काय शोभतं हे पुरुषाला कोणी शिकवलेलं नसतं. मुलगी आईबरोबर, मैत्रिणींबरोबर दुकानात जाऊन लहानपणापासून ते शिकत येते. आपल्याला सगळं एकट्याने, घालून बघूनच कळतं. साठ-सत्तर रुपयांचा कुर्ता अंगाला नाही जमला तर वाईट वाटत नाही. दोन हजारांचा नवा ड्रेस खांद्यात अडकला की मात्र पुढचे कित्येक महिने पुन्हा घ्यायची हिंमत होत नाही.

आता ‘कोणासाठी’ याबद्दल. ही भीती मनातून काढा. खान्देशात पुरुष बायकांचे कपडे खरेदी करतो ही रोजची गोष्ट आहे. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी येणाऱ्या बहिणीसाठी भाऊ साडी घेतो, बाजाराला आलेला माणूस बायकोने सांगितलेला गाऊन घेऊन जातो. ढिगामागे बसलेली बाई ‘काय जोयजे भाऊ?’ विचारते तेव्हा तिला गिऱ्हाईक हवं असतं, तुमची कुंडली नको असते. एकदा मी एक कुर्ता खांद्याला धरून बघत होतो. म्हातारी मावशी होती, ती म्हणाली, ‘आंगले लाई देख ना. बहीण तुनासारखीच उंच शे का?’ मी हो म्हणालो. तिने स्वतः उठून तो माझ्या पाठीला लावला, दोन्ही टोकं खांद्याच्या हाडापर्यंत ताणून बघितली, ‘हाई पुरणार नही’ म्हणून बाजूला टाकला आणि ढिगात खालपर्यंत हात घालून दुसरा काढून दिला. तो बसला. माप तुमच्याच अंगावर घेतलं तरी कोणाच्या मनात काही येत नाही. ‘घरी पाहिजे’ एवढं उत्तर पुरतं आणि ते खरंही आहे. बायको, बहीण, नाटक, गॅदरिंग अशा गोष्टी रचत बसलात की पुढचा प्रश्न येतो, त्याला आणखी एक गोष्ट रचावी लागते आणि चेहरा उगाच पडतो.

बाजारात जाण्याआधी टेप घेऊन घरी दार लावा आणि स्वतःची मापं घ्या: खांदा, छाती, कंबर, नितंब, दंड, आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतची उंची. मोबाइलमध्ये लिहून ठेवा. लेडीज कुर्त्याच्या लेबलवर साधारणपणे एक्सएल म्हणजे ४२ आणि डबल एक्सएल म्हणजे ४४ इंच छाती असते. पुरुषाला छातीत तो बसेल, पण अडकेल खांद्यात आणि मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात तिथे. आपला खांदा बहुधा १७-१८ इंचांचा, आणि बायकांच्या एक्सएलचा खांदा १५ च्या आसपास. म्हणून लेबल बघू नका, ते जुन्या कपड्याला बहुतेक नसतंच. कुर्ता सपाट पसरा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा. येईल त्याची दुप्पट ही कपड्याची छाती. तुमच्या छातीपेक्षा ती निदान दोन-तीन इंच जास्त हवी. नंतर खांदा मोजा. शिवणीच्या आत माया किती आहे तेही उलटं करून बघा. आपल्याकडचे शिंपी कुर्त्याच्या आणि ब्लाऊजच्या कडेला कापड सोडतात, कारण बाईचं अंग पुढे भरणार हे धरलेलं असतं. दोन्ही बाजूंना इंचभर माया असेल तर कपडा आरामात सैल करता येतो. खांदा मात्र सैल होत नाही. तिथे कमी पडला की तो कपडा परत ढिगात ठेवा, कितीही आवडला तरी.

पहिली खरेदी गाऊनची करा. आपल्याकडे बायका घरी घालतात तोच, सुती, सैल. त्याला मापाची कटकट नाही, आणि दिवसभराचं काम संपवून रात्री अंगात घातला की जे वाटतं त्यासाठीच आपण हे सगळं करतो. त्यानंतर साडी. साडी पुरुषासाठी सगळ्यात चांगली, कारण तिला माप नाही. साडेपाच मीटर कापड जाड्याला, बारक्याला, सगळ्यांना येतं. फक्त पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बघा. तो ४५-४६ इंच असेल तर पावणेसहा फुटांच्या माणसालाही पायापर्यंत पुरतो. काही जुन्या हातमागाच्या साड्या पन्ह्याला कमी असतात, त्या उंच माणसाला आखूड पडतात. नवशिक्याने जॉर्जेट किंवा क्रेपची सिंथेटिक साडी घ्यावी. निऱ्या पटकन बसतात, चुरगळत नाही, इस्त्री लागत नाही. असला माल खान्देशात मुबलक, कारण सुरत आपल्याला जवळ. भुसावळहून अमळनेर, नंदुरबार करत गाडी थेट सुरतेला जाते. छपाईत डाग पडलेला, काठ तिरका गेलेला नवाकोरा माल ‘सेकंड’ म्हणून स्वस्तात मिळतो. जुनी साडी नको वाटत असेल तर तो बघा. जळगावच्या फुले मार्केटमध्ये आणि धुळ्यात पाचकंदीलच्या भागात थोडं फिरलात, चारपाच ठिकाणी विचारलंत, की अंदाज येतो.

जुनी रेशमी साडी घेताना घडी उघडा आणि उजेडासमोर धरा. कितीतरी वर्षं एकाच घडीवर पडून राहिलेली साडी त्या रेघेवरच विरते. वरून ठणठणीत दिसते आणि नेसताना फाटते. काठ-पदराची जर (सोनेरी तार) काळी पडलेली असेल तर ती घरी उजळत नाही. पदराकडचा भाग नीट बघा, पिनांची भोकं तिथेच असतात. फॉल सुटलेला असला तर त्याचं काही नाही, पन्नास-साठ रुपयांत नवा लागतो. कुर्त्याच्या काखेतले पिवळे डाग सहसा जात नाहीत, विकणाऱ्याने कितीही सांगितलं तरी.

जुने ब्लाऊज घेऊ नका. ब्लाऊज एका बाईच्या अंगावर बेतलेला असतो, तो दुसऱ्या बाईलासुद्धा नीट येत नाही. ताणणारा लायक्राचा रेडीमेड नवा घ्या. परकरही नवाच घ्या, उंची ४० इंच किंवा थोडी जास्त. नाडी असल्याने कंबरेचा प्रश्न नाही. आतले कपडे आणि चपला जुन्या कधीच नाही.

भावात फार घासाघीस करू नका, हे मी मनापासून सांगतो. त्या ढिगावर तुमच्या शेजारी उभी असलेली शेतमजूर बाई तिच्या लेकीसाठी शाळेत घालायला फ्रॉक शोधत असते. सातपुड्यातून कामाला उतरलेली कुटुंबं तिथेच वर्षाचे कपडे घेतात. आपल्याला हौस आहे, त्यांना गरज आहे. उबदार स्वेटर, लहान मुलांचे कपडे, धडधाकट सुती लुगडी त्यांच्यासाठी सोडा. झगझगीत अनारकली आणि टिकल्यांच्या साड्या शेतात कामाला येत नाहीत, त्या आपण घ्याव्यात.

आणलेला कपडा त्याच दिवशी अंगाला लावू नका. सुती असेल तर चांगल्या कढत पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा आणि मग धुवा. खरजेचे किडे, उवा, ढेकूण कढत पाण्यात मरतात. सिंथेटिक आणि रेशमी कपड्याला एवढं गरम पाणी चालत नाही. तो आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. माणसाच्या अंगाशिवाय खरजेचा किडा एवढे दिवस जगत नाही. आपल्याकडचं ऊन तर आहेच, एप्रिल-मेमध्ये दोन तासांत साडी वाळते.

आणि खरी अडचण इथेच येते. कपडा घेताना कोणी विचारत नाही, वाळत घालताना विचारतात. गच्चीवर शेजारची काकू, खाली चुलत्याचं घर, एकट्या राहणाऱ्या मुलाच्या दोरीवर पंजाबी ड्रेस. मी दोन दोऱ्या शेजारी शेजारी बांधतो, बाहेरच्या दोरीवर चादर आणि आतल्या दोरीवर कपडा. खोलीत पंख्याखाली वाळवलात तरी चालतं, पण नीट कोरडा झाल्याशिवाय घडी करू नका, नाहीतर कुबट वास बसतो. ठेवायला कुलपाची पत्र्याची पेटी घ्या, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका.

एक गोष्ट मात्र करू नका. बहिणीच्या, वहिनीच्या, बायकोच्या कपाटाला हात लावू नका. बरेच जण सुरुवात तिथूनच करतात, कारण ते सोपं असतं. पण त्यांच्या मुंढ्याची शिवण तुमच्या दंडाने उसवते, ती उसवल्याचं त्यांना कळतं आणि मग जे बोलणं तुम्ही शांतपणे, तुमच्या वेळी करू शकला असता ते भांडणात होतं. शिवाय तो कपडा तिचा आहे, तिला न विचारता का घ्यावा? शंभर रुपयांत आपल्या मापाची, आपली साडी मिळते. माझ्या बायकोला मी स्वतः सांगितलं तेव्हा तिने पहिलं विचारलं, ‘माझ्या साड्या घेतल्या का कधी?’ मी ‘नाही’ असं खरं सांगू शकलो, त्यामुळे पुढचं बोलणं होऊ शकलं.

सैल करायला शिंप्याकडे जाताना चिठ्ठी न्या: छाती एवढी, दंड एवढा. बाजारात मशीन घेऊन बसणारे मास्तर दिवसभर हेच करतात, कागदावरची मापं बघतात आणि उसवायला घेतात.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या लिहिण्यात भीती दिसली म्हणून सांगतो. पुरुषाने साडी नेसणं हा भारतात गुन्हा नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कपड्यांबद्दल नव्हतंच, आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं तेही सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला बाजूला केलं. त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात, तृतीयपंथीयांच्या हक्कांबद्दल बोलताना, कोर्टाने म्हटलं होतं की आपली लिंगओळख पोशाखातून व्यक्त करणं हे राज्यघटनेने दिलेल्या अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात येतं. हा आजारही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत केवळ असे कपडे आवडणं हे आजार म्हणून नाही. तुम्ही गे आहात का, ट्रान्स आहात का, याचं उत्तर साडीवरून कोणी ठरवू शकत नाही. असाल किंवा नसाल, तुम्हाला वेळेनुसार कळेल. मन फार जड झालं तर १४४१६ वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

पण कायद्याने गुन्हा नाही म्हणून कुठेही नेसून फिरावं असं मी म्हणणार नाही. आपल्या भागात वहीगायनासारख्या लोककलेत, तमाशात पुरुषाने लुगडं नेसून नाचलं तर लोक शिट्ट्या मारतात, पैसे देतात. तेच लुगडं अनोळखी गावात, फडाबाहेर, जिवावर बेतू शकतं. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. ते वेष बदललेले नव्हते, फक्त अनोळखी होते. अशा अफवा दर काही वर्षांनी उठतात आणि ‘बाईच्या वेशातला माणूस’ हे त्यातलं नेहमीचं वाक्य असतं. नेसून बाहेर जायची इच्छा असेल तर ओळखीच्या माणसांत, मोठ्या शहरात आणि सोबत कोणी असताना.

इन्स्टाग्रामवर जुने कपडे विकणारी थ्रिफ्ट पेजेसही आहेत. ते मापं इंचांत देतात, खांदा दिला नसेल तर मेसेज करून विचारा. पार्सल मात्र घरी मागवू नका. आपल्याकडे कुरिअरवाला गेटवरून नाव पुकारतो आणि आई कौतुकाने फोडून बघते. ऑफिसच्या किंवा मित्राच्या पत्त्यावर घ्या.

तुमचा खांदा आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतची उंची खाली लिहिलीत, तर परकर केवढा आणि कुर्ता कुठल्या घाटाचा घ्यावा ते सांगतो.